चोरलच्या खोऱ्यात चार बिघे आणि एक रस्ता: तेरा महिन्यांचा हिशोब

मागच्या मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, आमच्या रस्त्याची तरमीम, म्हणजे सरकारी नकाशातली दुरुस्ती, चढली आणि तेरा महिन्यांपूर्वी सुरू केलेलं काम खऱ्या अर्थाने संपलं. इंदूरजवळ डोंगरात थोडी जमीन घ्यावी असं आपल्यातल्या खूप जणांच्या मनात असतं, मलाही गेल्या वर्षभरात चार-पाच ओळखीच्यांनी विचारलं की कसं केलंत, कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाच सगळं तारखांसकट लिहून टाकते. मी वकील नाही, तुमच्या जमिनीचे कागद तुमच्या वकिलांनाच दाखवा, हे फक्त आमच्या बाबतीत जसं घडलं तसं.

सुरुवात झाली दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४. खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे, एका प्रोजेक्टची जाहिरात आली होती, "लक्झरी रँच इस्टेट", समोर दरी, पांढरं लाकडी कुंपण, क्लबहाऊस, प्रत्येकाला दहा हजार फुटांचा प्लॉट आणि घोडे. घोडे हा शब्द वाचला आणि बाबांना घेऊन गेलेच. बाबांची सगळी नोकरी महूच्या व्हेटरनरी कॉलेजात गेली, आज ७४ वर्षांचे आहेत, आणि मी शाळेत होते तेव्हापासून ऐकत आलेय की रिटायर झाल्यावर महूजवळच्या जानापावच्या डोंगराच्या आसपास कुठेतरी एक घोडी पाळायची. ते राहूनच गेलं, आधी माझं लग्न, मग दादाचं पुण्यात घर, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन.

जागा खरोखर सुंदर होती, हे मान्य करायलाच हवं. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि एकदम खाली निमाडकडे उतरतं, पावसाळा नुकताच संपलेला, सगळं हिरवंगार, खाली चोरल नदीची रेघ. तंबूत पोहे-जलेबी ठेवलेले, गेटवर दोन घोडे बांधलेले. बाबा दरीकडे न बघता सरळ घोड्यांकडे गेले, एकाचा पाय उचलून खूर बघितला आणि मला हळूच म्हणाले, "चार-सहा महिने नाल बघितलेली नाही कोणी, चल." मी तरी प्लॉट दाखवणाऱ्या मुलाला खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी सर्व्हे नंबर, विचारला. तो म्हणाला, वो तो रजिस्ट्री के टाइम मिल जाएगा मॅडम, आज दो लाख में बुकिंग कर लो. फारच मागे लागले तेव्हा त्याने एक नंबर दिला, घरी येऊन एमपी भूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर, टाकला तर जमीन शेतीची, एकाच खसऱ्यात सव्वीस सहखातेदार, म्हणजे प्लॉट म्हणून जे दाखवत होते ते कागदावर कुठेच वेगळं नव्हतं. कुठल्याही अशा प्रोजेक्टमध्ये बुकिंगच्या आधी तीन गोष्टी मागा: टीएनसीपीने, म्हणजे नगर नियोजन खात्याने, मंजूर केलेला लेआउट, कॉलनी विकासाची परवानगी आणि रेराचा नंबर. तिन्ही हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, मग दरी कितीही छान दिसो.

त्यानंतर आम्ही ठरवलं की सरळ शेतकऱ्याकडून शेतीचीच जमीन घ्यायची. इथे एक मोठी सोय आहे. पुण्याच्या दादाला आधी वाटलं होतं की आपण शेतकरी नाही म्हणजे विषय संपला, कारण महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये तसंच आहे. मध्य प्रदेशात मात्र शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येते. अडचण असते ती जमीन कोणाची आहे त्यात. या पट्ट्यात आदिवासी गावं खूप आहेत, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायला भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ प्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते, अधिसूचित भागात तर विकताच येत नाही. दोन ठिकाणी आम्हाला अशी जमीन "ॲग्रीमेंट करून घ्या, ताबा घ्या, बाकी बघू" म्हणून दाखवली गेली, आम्ही दोन्ही वेळा परत फिरलो. कायद्याची भीती होतीच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. तो कायदा ज्यांच्यासाठी केलाय त्यांच्या अंगणात उभं राहून तो चुकवायचा कसा?

८ डिसेंबरला, रविवारी, आमची जमीन दिसली. गावाचं नाव लिहीत नाही. चोरलच्या अलीकडे मेन रोड सोडून आत साडेतीन किलोमीटर, दोन टेकड्यांच्या मधलं लहानसं खोरं, एका बाजूला नाला जो फेब्रुवारीपर्यंत वाहतो, वरच्या अंगाला जंगल. पटेल साहेब, म्हणजे विकणारे, म्हणाले चार बिघे आहे. पहिली टीप इथेच: बिघ्यात बोलणी करू नका, बिघा गावोगाव वेगळा, कागद हेक्टरमध्ये असतो आणि पैसे हेक्टरवर ठरवायचे. आमच्या कागदावर ०.९८३ हेक्टर होती, पुढे मोजणीत ०.९६१ निघाली, आणि दर हेक्टरवर ठरलेला असल्यामुळे तेवढे पैसे वादाशिवाय कमी झाले.

आता काकांबद्दल सांगते. काका म्हणजे लोकमान्य नगरातले बाबांचे जुने मित्र, महसूल खात्यात आरआय, म्हणजे रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याशिवाय आम्ही कुठेतरी अडकलोच असतो. असे एक काका शोधाच, नात्यात नाही तर ओळखीत, आणि नसतील तर महसुली काम करणारे वकील गाठा, नुसते रजिस्ट्री करून देणारे नकोत. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "पावती बघितली?" मला वाटलं पैशाची पावती. माळव्यात पावती म्हणजे ऋणपुस्तिका, खातेदाराच्या जमिनीचं आणि कर्जाचं सरकारी पुस्तक, आपण जन्मभर इंदुरात राहून हे मला माहीत नव्हतं.

डिसेंबर आणि जानेवारी कागद जमवण्यात गेले. चालू खसरा आणि बी-१ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन निघतात, पण काकांनी १९५८-५९ चा खसरासुद्धा काढायला लावला. कारण असं की आपली भू-राजस्व संहिता २ ऑक्टोबर १९५९ पासून लागू झाली, आणि त्याच्या आधीच्या रेकॉर्डमध्ये जमीन शासकीय किंवा चरनोई (गुरांचं कुरण) म्हणून लिहिलेली असेल तर आज ती कोणाच्याही नावावर दिसत असली तरी प्रश्न कधीही उपटू शकतो. ही नक्कल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून मिळते, आम्हाला १९ दिवस लागले, दोनदा जावं लागलं कारण पहिल्या वेळी गावाचा जुना पटवारी हलका नंबर, म्हणजे गाव कुठल्या पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) हद्दीत होतं तो नंबर, लिहिला नव्हता. दुसरं म्हणजे खसऱ्याचा कॉलम १२, कैफियत, म्हणजे शेरा. सगळे लोक नाव आणि रकबा (क्षेत्रफळ) बघतात आणि तिथेच थांबतात, पण बँकेकडे गहाण, कोर्टाचा स्टे, अहस्तांतरणीय, भू-अर्जन (भूसंपादन), जे काय असेल ते या शेवटच्या कॉलममध्ये असतं. सध्या त्या बाजूला इंदूर-इच्छापूर फोरलेनचं आणि बोगद्यांचं काम चालू आहे, त्यामुळे अर्जनाचं खास बघून घ्या. आमच्या पटेलांच्या जमिनीवर सोसायटीचं कर्ज होतं, ते त्यांनी फेडून नोंद काढली, त्यात तीन आठवडे. तिसरं, जंगल शेजारी असेल तर वनविभागाची हद्द आणि ऑरेंज एरिया बघा, म्हणजे महसूल आणि वन या दोघांच्याही रेकॉर्डमध्ये दिसणारी जमीन. आमची त्यात नव्हती, पण वरच्या टेकडीचा थोडा भाग होता, आणि पटेल तोही "आपलाच" म्हणून दाखवत होते, मुद्दाम नाही, त्यांचे आजोबा तिथे गुरं चारायचे म्हणून.

वकील साहेबांनी जमिनीच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च केला, २२,००० रुपये. दोन पेपरांत जाहीर सूचना, ३,८०० रुपये, पंधरा दिवस वाट बघितली, हरकत आली नाही. मी तर जानेवारीतच सौदा करायला निघाले होते पण आई म्हणाली पौषात नको. तेव्हा थोडी चिडले होते, आता वाटतं बरं झालं, त्या महिन्याभरात कर्जाची नोंद कळली. २ फेब्रुवारीला, वसंत पंचमीला, पटेलांच्या ओसरीवर सौदा चिठ्ठी लिहिली, बयाना दिला.

आणि त्याच दिवशी, चहा पिताना, काकांनी विचारलं, "पटेल साहब, रास्ता किधर से है?"

रस्ता तर होताच ना, आम्ही त्याच रस्त्याने गाडी घेऊन आलो होतो! गावातून गोया निघतो, म्हणजे बैलगाडीची वाट, तो पटेलांच्या शेतापर्यंत येतो. पण काकांनी मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला तर गोया नकाशात अर्ध्यापर्यंतच होता, तिथून पुढचा ३८० फुटांचा तुकडा शेजारच्या शेतातल्या एका काकींच्या खसऱ्यातून जात होता. पटेल म्हणाले, बापदादाच्या काळापासून जातोय, कोणी अडवत नाही. खरंच कोणी अडवत नव्हतं. पण काकांचं म्हणणं असं की शेजारचे पटेलांना अडवत नाहीत, कारण पटेल गावातले आहेत, उद्या काकींची नातवंडं शहरातून आलेल्या बाईला अडवणार नाहीत कशावरून. गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटीचे हक्क लिहिलेले असतात, ते काढून बघितलं, त्यात हा तुकडा नव्हता. कलम १३१ खाली तहसीलदाराकडे रस्त्यासाठी अर्ज करता येतो, पण आपण त्या गावात पहिलं पाऊल ठेवतोय ते शेजारणीवर केस करून ठेवायचं, हे मला पटेना. त्या रात्री झोप लागली नाही. बयाना देऊन बसलो होतो आणि ज्या गोष्टीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता ती सगळ्यात शेवटी कळली. म्हणून हे ठळक सांगते: जमीन बघायला जाल तेव्हा आधी नकाशात रस्ता बघा. डोळ्यांना दिसणारा नाही, नकाशातला.

काकींकडे मी आणि बाबा गेलो. साठीच्या पुढच्या, एकट्या शेती बघतात, म्हशी आहेत. त्या पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांची एक म्हैस आजारी होती, बाबांनी बघितली, पोट फुगलं होतं, दोन तास तिथेच बसले. तिसऱ्यांदा काकीच म्हणाल्या, विकते पट्टी, पण माझा खाखरा कापायचा नाही. खाखरा म्हणजे पळस. तो बरोबर त्या वाटेच्या मधोमध उभा आहे, जुना, वाकडा, आणि मार्चमध्ये नुसता पेटल्यासारखा दिसतो. बैलगाडी त्याच्या कडेने जायची, पण सरळ बारा फुटांची पट्टी आखली तर झाड मध्ये येत होतं. मी म्हटलं काकी, पट्टीच वळवू. तेव्हा मला कल्पना नव्हती की या एका वळणाने कागदांचं किती काम वाढणार आहे, पण असती तरी हेच म्हटलं असतं. १२ बाय ३८० फूट, ०.०४२ हेक्टर, अडीच लाख रुपये, स्टॅम्पवर इकरार झाला २६ फेब्रुवारीला.

इकडे पटेलांच्या जमिनीची तरमीम बाकी होती. हे जरा समजून घ्या कारण एमपीत घरोघरी हीच अडचण आहे. तीन भावांच्या वाटणीत कागदावर खसऱ्याचे /१, /२, /३ असे बटांक पडलेले, पण नकाशात अजून एकच आखलेला तुकडा, आत रेघाच नाहीत. म्हणजे आमचा /३ नेमका कुठला, नाल्याकडचा की टेकडीकडचा, हे नकाशा सांगत नाही. बरेच लोक अशीच रजिस्ट्री करतात. काकांनी करू दिली नाही, म्हणाले आधी सीमांकन आणि तरमीम, मग रजिस्ट्री, याचा फायदा पुढे कळेल. फेब्रुवारीत लोकसेवा केंद्रातून अर्ज दिला. पण शेतात गहू-हरभरा उभा असताना मोजणी होत नाही, त्यामुळे कापणीपर्यंत थांबा. या दरम्यान १ एप्रिलला नवीन गाइडलाइन, म्हणजे जमिनीचे सरकारी दर, लागली आणि आमचा स्टॅम्पचा खर्च थोडा वाढला, मार्चअखेर सगळे म्हणत होते घाई करा, आम्ही नाही केली. ९ एप्रिलला आरआय, पटवारी, मोजणीचं मशीन, शेजारचे सगळे खातेदार, पंचनामा. त्या दिवशी दोन गोष्टी करा: शेजाऱ्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा, नोटीस मिळालेली असली तरी, आणि दगड लगेच गाडा, खुंट्या दुसऱ्या दिवशी गायब असतात. ६ मेला नकाशात रेघा दिसल्या.

रजिस्ट्री २२ मेला झाली. आता सगळं संपदा २.० या सरकारी ऑनलाइन रजिस्ट्रीवर आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. सेवा प्रदात्याने, म्हणजे रजिस्ट्रीचं ऑनलाइन काम करून देणाऱ्या एजंटने, स्लॉट घेतला, आधारचं केवायसी, जमिनीचे जिओ-टॅग केलेले फोटो. खोऱ्यात नेटवर्क येत नाही, तो बिचारा मुलगा टेकडीवर चढून ॲपशी झगडत होता, म्हणून घाटाखाली जमीन असेल तर फोटोचं काम रजिस्ट्रीच्या चार दिवस आधीच उरकून घ्या. जमीन माझ्या नावावर घेतली कारण बाईच्या नावावर पंजीयन शुल्क ३ ऐवजी १ टक्का लागतं. रजिस्ट्री पीडीएफ म्हणून आली, आईला देवापुढे ठेवायला जाड कागदाची रजिस्ट्री हवी होती, मग प्रिंट काढून लाल दोऱ्याने बांधून दिली.

आणि काकांनी सांगितलेला फायदा इथे कळला. पूर्ण खसरा विकला गेला आणि वाद नसेल तर नामांतरणाची, म्हणजे खात्यावरचं नाव बदलण्याची, केस आपोआप सायबर तहसीलकडे, म्हणजे ऑनलाइन तहसीलकडे, जाते. अर्ज नाही, चकरा नाहीत, मोबाईलवर मेसेज आले, पटवारीजींचा रिपोर्ट गेला आणि १९ जूनला खसऱ्यात माझं नाव. मी ऑफिसात होते, बाबांना फोन केला तर ते काही बोललेच नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा वाचून दाखव." वाचून दाखवलं, खसरा नंबरासकट.

एक हेक्टर चार आठवड्यांत झाली. त्या ३८० फुटांना मात्र सहा महिने लागले.

काकींच्या खात्यात दोन मुलं आणि खरगोनला दिलेली मुलगी, सगळ्यांच्या सह्या हव्यात. काकींच्या आधारला मोबाईल जोडलेला नाही, आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. तीनदा आधार केंद्रात घेऊन गेले, मोबाईल नंबर जोडायची फी तेव्हा ५० रुपये होती, पण प्रत्येक वेळी त्यांचा अख्खा दिवस आणि म्हशींचं दूध वाया. तिसऱ्या वेळी घरून ग्लिसरीन लावून, हात धुऊन नेले तेव्हा ठसे आले, हे तिथल्याच मुलाने सुचवलं होतं. मग जूनमध्ये सोयाबीनची पेरणी, मुलगी येऊ शकत नव्हती. ८ जुलैला, धो धो पावसात, पट्टीची रजिस्ट्री झाली. छोट्या तुकड्याचं मूल्य प्लॉटच्या दराने धरलं गेलं, शेतीच्या नाही, त्यामुळे स्टॅम्प अंदाजापेक्षा बराच जास्त लागला, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

हा खसऱ्याचा तुकडा असल्याने नामांतरण नेहमीच्या तहसीलीत. तीन पेशी, म्हणजे सुनावण्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाइलमध्ये मुलीच्या आधारची प्रत नव्हती, जी मी स्वतः दिली होती. तेव्हापासून प्रत्येक कागदाची पोच घेते आणि फाइलचे फोटो काढून ठेवते. ३० सप्टेंबरला आदेश झाला. मग पुन्हा तरमीम, आणि पटवारीजी म्हणाले, मॅडम, सीधी पट्टी होती तो आज ही चढ़ा देता, ये मोड़ क्यों है? मी त्यांना झाड दाखवायला घेऊन गेले. त्यांनी झाडाभोवती चालत जाऊन नऊ पॉइंट घेतले, काकी म्हैस सोडून बघत उभ्या होत्या.

बोअरचं थोडक्यात: उन्हाळ्यात कलेक्टर खासगी बोअरिंगवर बंदी घालतात, पावसाळ्यात गाडी रुतते, म्हणून ऑक्टोबरमध्येच केलं, २८० फुटांवर पाणी लागलं. घर अजून बांधलेलं नाही. एक तबेला आहे, सिमेंटच्या पायाचा, दार लोखंडी, कारण बिबट्या फिरतो आणि गावात कोणी वासरूसुद्धा रात्री बाहेर ठेवत नाही.

४ डिसेंबरला दत्तजयंती. सारंगखेड्याच्या यात्रेला, तापीच्या काठी, घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आम्ही सेंधव्याच्या रस्त्याने जाणार आहोत. तरुण, देखणी घोडी बाबांना नकोय, शांत, वयस्क हवीय. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ताची तपासणी आणि हेल्थ सर्टिफिकेट असल्याशिवाय राज्याबाहेर आणायची नाही हे त्यांनी मला चारदा बजावलंय.

मंगळवारी संध्याकाळी मी भूलेखवर नकाशा उघडला आणि मोठा करत गेले. गोया दिसला, त्याच्यापुढे आमची बारीक पट्टी दिसली, आणि पट्टीच्या मधोमध एक छोटंसं पोट आलेलं, खाखऱ्याला वळसा घालून. काल शेतावर गेलो तेव्हा बाबा त्या वळणावर पावलं मोजत होते, घोडीची गाडी एका दमात वळेल की मागेपुढे करावी लागेल, आणि काकी त्यांना पलीकडून सांगत होत्या की गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळला होता.